तात्यांची चार हात काठी

जगातल्या प्रत्येक मापावर संशय घेणारा माणूस निरगुडसरच्या शिवारात एकच झाला, आणि तो नेमका आमचा बांधशेजारी निघाला. स्वतःची वेळूची चार हात काठी सोडली तर तात्यांचा कशावरही विश्वास नव्हता. डेअरीत दूध घालण्याआधी ते माप उलटं करून आतून बोट फिरवत. रेडिओनं सात वाजल्याचं सांगितलं तरी ते उन्हाकडे बघून खात्री करून घेत. मंचरच्या मारवाडी शेटजींनी सदऱ्याचं कापड मीटरपट्टीनं मोजलं, की तात्या तेच कापड पुन्हा कोपरापासून बोटांपर्यंत हातानं मोजत. एकदा शेटजी वैतागून म्हणाले, "तात्या, पट्टी सरकारची, हात तुमचा. आता दोन्हीत कमी भरलं तर बाह्या आखूड शिवा!" तात्या हसले नाहीत. "पट्टी कवा तपासली व्हती?" एवढंच त्यांनी विचारलं.

हा संशय हळूहळू आमच्या बांधावर येऊन बसला. दर वर्षी पीक निघून रान मोकळं झालं, की तात्या पलीकडच्या ओढ्यापासून दोघांच्या बांधापर्यंत आमचं रान काठीनं मोजत. फक्त आमचं. "आपलं काय मोजायचं? ते पाठ हाय," असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला रान साठ काठ्या भरलं. काही वर्षांनी एकसष्ट झालं, पुढं बासष्टच्याही वर गेलं. रान वाढतंय म्हणजे बांध सरकतोय, आणि बांध सरकतोय म्हणजे माझे वडील, आण्णा, रात्रंदिवस नांगर आत घालतायत, असा त्यांनी हिशेब मांडला आणि आण्णांशी बोलणंच टाकलं. दोनदा सरकारी मोजणी झाली. दोन्ही वेळा बांध जागेवरच निघाला आणि दोन्ही वेळा तात्यांनी मोजणीदारालाच दोषी ठरवलं. "कुठं शिकलाय कुनाला ठावं!" खरं तर तात्या आणि आण्णा एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. आण्णा नांगरताना बांधालगतची दोन तासं, नांगराच्या दोन ओळी, तशीच सोडून देत. तेवढ्या पट्ट्यात गवत माजायचं आणि आई दर वर्षी हळहळायची.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.ए. झालो, नोकरी मिळेना, म्हणून जमिनीची मोजणी करणारा भूकरमापक व्हायचं मनात घेतलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की तिथं बी.ए. कुणी विचारत नाही. दहावीला गणित आणि विज्ञान हवं, मग आयटीआयमध्ये दोन वर्षांचा सर्व्हेअरचा कोर्स, आणि त्यानंतर भरतीची परीक्षा. घरी सांगण्याआधीच ही बातमी तात्यांपर्यंत पोचली. त्यांनी मला पारावर गाठलं.

"पंधरावी झालास न्हवं?"

"हो तात्या."

"आन् आता म्हनं धाव्वीच्या मार्कांवर पुन्ना शाळा?"

"नियमच तसा आहे."

"मग तुजं बी.ए. तरी खोटं, न्हाईतर ह्यो कोर्स तरी खोटा. आन् दोन्ही खरं आसल, तर बांध गिळायला बापानं घरचाच मोजणीदार काढलाय!"

त्यांनी माझी दहावीची गुणपत्रिका मागून घेतली. गणितात चौसष्ट. "म्हंजी शंभरातल्या छत्तीस येळा तू बांध चुकणार," ते म्हणाले. प्रवेशाच्या दिवशी शाळा खरी आहे का ते बघायला ते माझ्याबरोबरच निघाले. आळेफाट्याला गाडी बदलताना त्यांनी कंडक्टरला तीनदा विचारलं, की ही गाडी पाटीवर लिहिलंय तिथंच जाते ना. आयटीआयमध्ये माझा अर्ज बाजूलाच राहिला. "तुमी कुठं शिकलं, राव?" तात्यांनी सरांना विचारलं. सरांनी सांगितलं. "आन् तुमच्या मास्तरला कुणी शिकवलं?" तेही सरांनी सांगितलं, वर म्हणाले, "आजोबा, तुम्हीच नाव घाला की." तात्या म्हणाले, "घातलं असतं. पर मग तुमी वयात खोट काढाल."

पुढं प्रत्येक सुट्टीत काय शिकलो याची उलटतपासणी ठरलेली. ते पुन्हा विचारणार, या धाकानं मी एकही तास बुडवला नाही. एका सुट्टीत मी सांगितलं, "मोजायची साखळी वापरून वापरून लांबते. म्हणून रानात उतरण्याआधी साखळीच तपासायची."

तात्या खूश झाले. "ह्ये बराबर. पयल्यांदा कुनीतरी शानं बोललं." मग त्यांनी काठीच्या खालच्या टोकाकडे पाहिलं आणि काठी माझ्यापुढं धरली. "हिला तपास."

टेप त्यांना चालणार नव्हता. त्यांच्याच हातानं मोजली. चार हातांना चार बोटं कमी भरली. वर्षानुवर्षं दगडधोंड्यांवर टेकून काठी खालून झिजली होती. तात्यांनी आधी स्वतःच्या हाताकडेच संशयानं पाहिलं. मग उठले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचं रान मोजायला गेले. तासाभरानं धापा टाकत परत आले.

"माजं बी वाढलंय," ते हळूच म्हणाले.

त्या आठवड्यात आण्णा नांगरत होते. तात्या काठी न घेता बांधावर येऊन उभे राहिले. "का रं," ते म्हणाले, "ती दोन तासं कशाला सोडतूस? गवात माजलंय निस्तं." अकरा वर्षांनी निघालेले ते पहिले शब्द. आण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बैल वळवले आणि नांगर बांधाच्या कडेला घातला.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मोजणीला लोणीकडं जातो, तेव्हा एखादा म्हातारा हटकून विचारतो, "सायेब, शिकला कुठं?" बरोबरचे लोक त्याला गप्प करू बघतात. मी पिशवी खाली ठेवतो आणि दहावीच्या चौसष्ट मार्कांपासून सगळं सांगतो. मग त्याच्यासमोरच आधी टेप तपासतो. माझ्या मास्तरला कुणी शिकवलं, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. मी वाट बघत थोडा वेळ थांबतो, मग मोजायला लागतो.