चारपेडी वेणी

संभाजीनगरातल्या एका दवाखान्याच्या शवागारात वच्छलाबाईंनी अठ्ठावीस वर्षं काढली. बाई गंगापूरकडच्या, तोंडाच्या फटकळ. शवविच्छेदन झालं की बाईमाणसाचं प्रेत धुऊन, नीटनेटकं करून नातलगांच्या हवाली करायचं, हे त्यांचं काम. डोकं उघडताना डॉक्टर या कानापासून त्या कानापर्यंत चीर घेतात. त्या चिरेचे टाके नंतर केसांखाली झाकता यावेत म्हणून वच्छलाबाई डॉक्टर यायच्या आधीच वेणी सोडून केस विंचरून ठेवायच्या. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय प्रेताला हात लावायचा नाही, असा नियम आहे. पण यांना सांगणार कोण! "माहेरी धाडल्यावानी धाडते मी एकेकीला," म्हणायच्या.

दिवाळीनंतर सिडकोतली एक म्हातारी आली. घरात एकटीच राहायची, अंथरुणातच गेलेली. केसांना ताजं माक्याचं तेल, पाठीवर चारपेडी वेणी. वच्छलाबाईंनी सवयीनं ती सोडली. डॉ. दमयंती मॅडमनी तपासून हृदयविकार लिहिला.

तीन आठवड्यांनी दुसरी आली, गारखेड्यातली. तीही एकटी. निम्मी वेणी सोडल्यावर बाईंचे हात थबकले. तेच माक्याचं तेल, तेच चार पेड. आणि हिच्या तर उजव्या हाताला प्लास्टर! मग ही वेणी घातली कुणी?

बोलावं, तर पहिलीची वेणी आपण सोडली हे कबूल करावं लागणार. चौकशी लागणार, आणि निवृत्तीला उरलेले चार महिने. "असंल कोणी शेजारीण," असं पुटपुटत त्यांनी उरलेले पेडही सोडून टाकले. खरं सांगायचं तर बाई घाबरल्या, दुसरं काही नाही.

अकरा दिवसांनी तिसरी आली. पांढऱ्याशुभ्र केसांची चारपेडी वेणी बघून वच्छलाबाईंनी हात मागं घेतला. फणी तिथंच टाकून त्या मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या आणि तिघींचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून शवागारात गेल्या. वेणीचे फोटो काढले, मग प्रेताचे ओठ उलटून बघितले. आतल्या बाजूला दातांचे बारीक वण होते. तोंड दाबून मारलेलं होतं.

"पहिल्या दोघींना दातच नव्हते," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

पोलिसांनी शोध घेतला. म्हातारी माणसं सांभाळणारी एकच बाई तिन्ही घरी कामाला होती, तीन वेगवेगळ्या नावांनी. आधी तेल चोळायची, वेणी घालायची, आणि मग उशी. पकडायला गेले तेव्हा ती चौथ्या घरी एका आजीच्या डोक्याला तेल लावत बसली होती.

"मावशी, तुमच्यामुळं चौथी वाचली बरं का!" इन्स्पेक्टर विश्वजीत शवागारात येऊन सगळ्यांदेखत म्हणाले. लोकांनी वाहवा केली. चौकशीचं पत्रही त्याच दिवशी आलं. वच्छलाबाईंनी ते न वाचताच त्याची घडी घातली आणि त्या मॅडमकडं गेल्या.

"मॅडम, दुसरीच्या टायमाला बोलले असते, तर तिसरी वाचली असती का?"

मेलेल्या माणसाबद्दल मॅडमनी कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हो," त्या म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी मान हलवली. आत नवीन प्रेत आलं होतं, कुण्या बाईचं, केस सगळे विस्कटलेले. मॅडम येईपर्यंत त्या दाराशीच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पदरात घट्ट धरून.