घरचा काठ

आमचं वर्तमानपत्र मुद्दाम ट्रकखाली घालणारा एकच वाचक मला माहीत आहे. नक्षीकाका. सकाळी अंक वाचून झाला की त्याची आतली पानं घेऊन ते भंडारा रोडला जात आणि वळणाशी, रस्त्याच्या कडेला पसरत. चार कोपऱ्यांवर चार खडे. मौद्याच्या वीज केंद्राकडून राख घेऊन येणारे ट्रक तिथे वेग कमी करत. एखादं चाक कागदावरून गेलं की राखेत टायरची नक्षी उमटे. काका कागद उचलून उजेडात धरत आणि बहुतेक वेळा चुरगाळून टाकत. महिन्यातून एखादा ठसा घरी येई. "टायर बनवनारे लोक लय मोठे नक्षीवाले असतात गा," ते मला म्हणाले होते. "फक्त त्यायले कोनी सांगतलं नाही."

नागपुरात नोकरीला लागलो तेव्हा नंदनवनमध्ये त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहिलो. सात वर्षं. काका एका विणकर संस्थेत साड्यांच्या काठांचे नकाशे काढत. चौकटीच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडली जात, पुठ्ठे मागावर चढत आणि कागदावरचं चित्र धाग्यात येई. एका चौकोनाची गडबड झाली तर ती चूक साडीभर, दर चार बोटांवर, परत परत येते. त्यांना नक्षीकाका हे नाव संस्थेतल्या विणकरांनी दिलेलं होतं.

त्यांचा दिवस खोडण्यापासून सुरू होई. चहाच्या आधी ते काल काढलेलं पान उघडत आणि त्यातली एक तरी गोष्ट खोडत. पान, कळी, नुसता ठिपका, काहीही. खोडायला काही सापडलं नाही तर चहा थंड होई. "कालचं समदं बरोबर वाटलं तं समजाचं, मानूस अजून झोपेतच हाय," असं त्यांचं म्हणणं. पुढे संस्थेने नकाशांसाठी कम्प्युटर घेतला आणि काकांना दोन दिवस तो शिकायला बसवलं. तिसऱ्या दिवशी ते आपल्या पेन्सिलीकडे परतले. एक बटन दाबलं की खोडलेलं सगळं परत येतं, ही गोष्ट त्यांना पटली नव्हती.

लग्नाला जाण्याचा त्यांना शौक होता, आणि त्यात जेवणाचा भाग थोडा. मांडवात ते बायकांच्या बाजूला तोंड करून बसत आणि काठ बघत. चूक दिसली की तिथून नजर हलत नसे. एकदा ते एका अनोळखी बाईमागे थेट हात धुण्याच्या जागेपर्यंत गेले आणि तुमच्या डाव्या काठात एक धागा कमी आहे, असं तिला सांगून आले. काकू घरी येईपर्यंत बोलत होत्या. "लोकायच्या बायायच्या मागं फिरता. मार खासान एक दिवस!" काका शांतपणे म्हणाले, "अवं, मी बाई कुठं पाह्यली?" ते खरं होतं. ती बाई कशी होती, हे त्यांना सांगता आलं नसतं.

या घरातली विसंगती मला पहिल्याच महिन्यात दिसली. काकांच्या काठांच्या साड्या गावोगाव नेसल्या जात होत्या आणि काकूंकडे त्यातली एकही नव्हती. संस्थेतून वीतभर नमुन्याचे तुकडे घरी येत. त्यांच्या उशा, अभ्रे आणि शिलाई मशीनवरचं झाकण झालं होतं. काकूंनी लग्नानंतर लगेच एक काठ मागितला होता. त्यांच्या माहेरी दारात चिंच होती, तिच्या पानाचा. काका हो म्हणाले होते. त्यासाठी वेगळी वही केली होती, आणि त्या वहीला तेव्हाच बावीस वर्षं झाली होती. संस्थेचं काम शुक्रवारी द्यायचं असेल तर काका गुरुवारी देत. घरचं काम सरत नव्हतं. चिंचेची दोन पानं समोरासमोर छान बसली होती. मधल्या जागेत काय घालायचं ते ठरत नव्हतं. फूल काढलं, खोडलं. चिंच काढली, खोडली. मध्येच एकदा टायरचा ठसा बसवून बघितला, तेव्हा काकूंनी वही मिटून टाकली. "मी काय ट्रक हाव का?"

काका का अडतात, हे मी त्यांना सरळ विचारलं. "संस्थेतली चूक लोकाच्या घरी जाते," ते म्हणाले. "घरची चूक डोयापुढं राह्यते. मरेपर्यंत."

मग मुलीचं लग्न ठरलं. प्रीती मिहान या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरीला होती. तारीख निघाली त्याच संध्याकाळी काकूंनी जाहीर केलं की मांडवात त्या चिंचेच्या काठाचं लुगडं नेसतील, नाहीतर घरातली जुनी सुती साडी नेसून उभ्या राहतील. प्रीती म्हणाली, "आई, ऑनलाईन पाह्य न वं, किती चांगल्या भेटतात." काकू म्हणाल्या, "चांगल्या भेटतात म्हनूनच नको." काकांनी मान डोलावली आणि वही उघडली. पुढचे दोन महिने मी कामावर निघताना ते त्याच पानावर वाकलेले दिसत. पान जागोजागी खोडून पातळ झालं होतं.

रामाजी नावाचे विणकर ही साडी विणणार होते. त्यांनी आपला माग मोकळा ठेवला होता. एक मुदत टळली, दुसरी टळली. एका सकाळी ते स्वतः दारात आले. मी जिन्यावर बूट घालत होतो. काका नेहमीप्रमाणे भंडारा रोडला गेले होते.

"काकू, आज कागद नाही भेटला तं मी दुसऱ्याचं काम चढवतो," रामाजी म्हणाले. "मंग लग्नापर्यंत होनार नाही."

काकू आत गेल्या, वहीतलं पान काढून घेऊन आल्या आणि त्यांच्या हातात दिलं. रामाजींनी ते उलटसुलट बघितलं.

"पुरं झालं का हे? मधात जागा खाली दिसून राह्यली."

"झालं."

"काकाले फोन करून विचारू का?"

"तुमी विनाले बसा, रामाजी. यायले विचारत बसलो तं पोरगी सासरी जाऊन बाळंतपनाले वापस येईन."

रामाजी कागद घेऊन गेले. काका परतले, वही उघडली आणि पान कुठे आहे असं विचारलं. काकू पोळ्या करत होत्या. त्यांनी मान वर न करता "मागावर" एवढंच सांगितलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. पुढचे चार दिवस त्या घरात फक्त प्रीती बोलत होती.

पाचव्या दिवशी काका काम थांबवायला रामाजींकडे गेले. थांबवता आलं असतं. पुठ्ठे तयार होते, पण विणून हातभरच झालं होतं. ते तासाभरात परत आले आणि पायरीवर माझ्याशेजारी बसले. "थांबव म्हनासाठी तोंड उघडलं होतं," ते म्हणाले. "पन तुही काकू माह्या आधीच तिथं जाऊन बसली होती. मागापुढं. काठ निघताना पाहून राह्यली होती."

लग्नात काकू ती साडी नेसल्या. विटकरी रंग, हिरवा काठ, चिंचेची पानं समोरासमोर आणि मध्ये काही नाही. काका दिवसभर त्यांच्या मागे दोन पावलांवर होते. पाहुण्यांना ते कौतुक वाटलं असावं. वरमाय मुद्दाम थांबून म्हणाली, "मधात जागा सोडली ते लय चांगलं दिसते हो." काकांनी हात जोडले. पंगत उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मोजल्या," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर जागा."

महिनाभराने त्यांनी काकूंपुढे प्रस्ताव ठेवला. मधली जागा भरून नवी साडी विणून देतो, ही ठेवून दे. काकू म्हणाल्या, "भरा न. कोन नाही म्हनते? पन मी हेच नेसीन." आणि त्या नेसत राहिल्या. सणाला, बारशाला, बँकेत जातानासुद्धा. काका ज्या चुकीला इतकी वर्षं भीत होते ती घरात फिरू लागली, भाजी निवडू लागली. त्यांनी तिच्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. माझी बदली झाली, मी खोली सोडली, तोपर्यंत तरी नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी चौथ्या दिवशी पोचलो. रामाजी बसलेले होते. त्यांनी कागदात गुंडाळलेली साडी काकूंपुढे ठेवली. काकांनी दोन महिन्यांपूर्वी पान पुरं करून गुपचूप त्यांच्याकडे दिलं होतं. तोच विटकरी रंग, तीच पानं. मधल्या जागेत पाच चौकोनांचं एक फूल. मला या कामातलं फार कळत नाही, पण त्यात खोडण्यासारखं काही दिसलं नाही. रामाजी म्हणाले, त्यांनाही दिसलं नाही.

काकूंनी काठावरून हात फिरवला, एक-दोन फुलं जवळ घेऊन नीट पाहिली आणि साडी प्रीतीच्या मांडीवर ठेवली. "तू ठेव वं."

मी निघताना त्यांना विचारलं, इतकी वर्षं वाट बघितली आणि देऊन का टाकली.

"बरोबर हाय ते. समदं झालं त्यात," काकू म्हणाल्या. "माह्यावालीत त्यायचं काम अजून बाकी हाय."