धाकट्याच्या नावानं कंदुरी

सेनगावच्या सुभद्राआत्या नसत्या, तर आज मी बिनलग्नाचा असतो आणि वर छातीत भाला लागलेला माणूस म्हणून सगळ्या तालुक्यात ओळखला गेलो असतो. त्यांचे उपकार आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना लाजेनं मी मधेच थांबेन, अशी मला भीती वाटते. (भीती मला कशाचीही वाटते. फोन वाजला तरी वाटते, नाही वाजला तर जास्त वाटते.)

आमचं गाव साखरा. घरी शेळ्या-मेंढ्या आणि पावसाच्या भरवशावरची थोडी जमीन. आठवीत मी शाळा सोडली तेव्हा गुरुजींनी कारणसुद्धा विचारलं नाही, नुसती मान हलवली. आता पुण्याच्या पलीकडं एका कंपनीच्या कँटीनात चहाच्या टाकीवर असतो. दिवसभर लोकांना चहा पाजायचा आणि रविवारी दुपारी मायला फोन करायचा, एवढाच माझा संसार.

फोनवर आमचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. "जेवलास का?" "जेवलो. शेळी व्याली का?" "व्याली." मग दोघंही गप्प. त्या गप्पपणात मला घाम फुटायचा. माय काहीतरी लपवून राहिली, असं वाटायचं. म्हणून मी तिला मालिकेची गोष्ट सांगायला लागलो.

ही मालिका माझा खोलीतला जोडीदार अन्वर मोबाइलवर लावायचा. परदेशातली, पण हिंदीत बोलणारी. एक बर्फाच्या किल्ल्यातलं घराणं, एक समुद्रवाल्यांचं, आणि दोघांमध्ये एकच सिंहासन. नावं इतकी अवघड की मायनं पहिल्याच रविवारी सगळ्यांचं बारसं केलं. थोरला, म्हातारी राणी, एका डोळ्याचा बांडा चुलता आणि बर्फवाल्यांचा लहाना राजपुत्र तो धाकटा.

चार रविवारांत आमच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडायला बायका जमू लागल्या. डाळ हे निमित्त! फोन स्पीकरवर.

"ते बर्फवाले लांडगे पाळतेत म्हनतूस," माय विचारायची, "मंग मेंढरं कुठं ठिवतेत?"

"मेंढरं दाखवली न्हाईत अजून."

"खाल्ली असतील. मुडदा बशिवला त्या लांडग्यांचा!"

शेजारच्या कलावतीकाकूंचा सगळा जीव सोयरिकीत. "म्या सांगते, समुद्रवाल्याची थोरली पोरगी धाकट्याला देतेत. भांडन मिटतंय."

"काहून देतील?" माय उसळायची. "तिच्या भावानं धाकट्याचं घोडं नेलं! आन् ती जाऊबाई व्हईल कुनाची? त्या थोरल्याच्या बायकोची! पान्याचा तांब्या उचलत न्हाई ती बाई."

"मंग बांडा चुलता तरी समुद्रवाल्याला मिळंल, बघा."

"चुलत्याचं काय सांगावं," माय म्हणायची आणि आवाज एकदम खाली यायचा. (आमच्या चुलत्याचं घर भिंतीला भिंत लावून आहे.)

आणि मग शेवटचा भाग आला. बांड्या चुलत्यानं भर दरबारात धाकट्याच्या छातीत विषाचा भाला मारला. धाकटा पडला, डोळे मिटले आणि मालिका थांबली! पुढचं कधी? अन्वर म्हणाला, "अगले साल, शायद."

मी हे जसंच्या तसं मायला सांगितलं. चूक झाली. मायनं स्पीकर बंद केला. मग म्हणाली, "वर्षभर लेकरू तसंच पडून ऱ्हाईल?"

दोन दिवसांनी बाबांचा फोन. बाबा स्वतः होऊन फोन करत नाहीत. मी टाकीचा नळ बंद केला. "तुझी माय बराबर जेवून नाही राहिली," ते म्हणाले. "कायतरी मनाला लावून घेतलंय. तू बोल जरा."

बोललो. तर कळलं, मायनं माळावरच्या पीराला नवस बोलला होता. धाकटा उठला तर कंदुरी करीन, म्हणजे बोकड कापून गावाला जेवण. मी तिला समजावलं की ती खोटी माणसं आहेत. ती म्हणाली, "खोटी असू देत. आई न्हाई त्याला." तिच्या पोटात अन्न जावं म्हणून पुढच्या रविवारी मी सांगून टाकलं, "माय, उठला धाकटा."

"खरं?"

"खरं. नवा भाग आला. पुण्याकडं आधी येतो."

"काय खाल्लं त्यानं?"

"ज्वारीची पेज," मी म्हणालो. (बर्फाच्या किल्ल्यात ज्वारी! पण मायनं एक शंका काढली नाही. आजाऱ्याला पेजच देतात.)

त्या दिवशी माय पोटभर जेवली. मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं बारा दिवस टिकलं.

तेराव्या दिवशी मायचाच फोन आला. आनंदानं म्हणाली, "झाली बाबा कंदुरी. सारा गाव जेवला."

"कुनाच्या नावानं?" मी हसत विचारलं.

"तुझ्या."

"माझ्या?"

"दर्ग्यातले मुजावरचाचा दुवा मागायला बसले आन् इचारलं, कुनाच्या नावानं? समदा गाव समोर. मला धाकट्याचं नाव सरळ घेता येत न्हाई, आन् घेतलं आसतं तर लोक हासले आसते. मंग तुझं सांगितलं. तू काय परका हाईस?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या महिनाभर आधी सेनगावच्या किसनरावांची सारिका मी पाहून आलो होतो. तिनं मला एकच प्रश्न विचारला, "तिकडं करमतं का?" मी खरं सांगितलं, "न्हाई." ती हसली आणि त्या हसण्यावर मी महिनाभर टाकीत साखर दुप्पट घातली. दोन्हीकडून पसंती होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती.

आणि आता साखऱ्यापासून सेनगावापर्यंत एकच बातमी. पोराच्या जिवावर बेतलं होतं, म्हणून कंदुरी केली!

किसनरावांचा निरोप आला, "पोराला बोलवून घ्या. आमी समक्ष बघतो." मी सुट्टी काढून निघालो. चौदा तास गाडीत बसून, वाटेत मिळेल ते खाऊन हिंगोलीला उतरलो. सेनगावच्या जीपमध्ये ते सगळं बाहेर आलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, पाणी दिलं आणि माझ्याकडं निरखून पाहिलं.

"साखऱ्याचा कंदुरीवाला न्हवं का तू?"

"व्हय, पण..."

"ए, पुढची शीट द्या रे ह्याला! आजारी मानूस हाय!"

एका म्हाताऱ्या बाबांनी उठून जागा दिली. जीपमधल्या एका बाईनं मोसंबी दिली. मी घरी पोचलो तो पांढराफटक, हातात मोसंबी घेऊन. ओट्यावर किसनराव, त्यांच्यासोबत गावचे दोघं, आणि दारात पोत्यावर त्यांच्या थोरल्या बहीण सुभद्राआत्या बसलेल्या. सगळ्यांनी मला पाहिलं आणि एकमेकांकडं पाहिलं.

चहा आला. सुभद्राआत्यांनी कपावर हात ठेवला. "मला नको."

"आक्काला शुगर हाय," किसनराव म्हणाले. मग कप खाली ठेवून बाबांकडं वळले. "पाव्हणं, लपवाछपवी नको. माझ्या लेकीच्या जन्माचा सवाल हाय. पोराला झालं काय व्हतं?"

बाबांनी मायकडं पाहिलं. त्यांनाही धड माहीत नव्हतं. बोकड त्यांचं, पण कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

माय पीरासमोर एकदा खोटं बोलली होती. दुसऱ्यांदा तिची हिंमत झाली नाही. पदर सावरून ती म्हणाली, "भाला लागला व्हता."

"काय?"

"भाला. छातीत. इखाचा."

सगळ्यांचे डोळे माझ्या शर्टावर. मी इतका घाबरलो की दाखवायला दोन बटणंसुद्धा काढली! तिसऱ्या बटणावर भान आलं की आपल्या छातीत काहीच नाही.

मग मात्र मी सगळं सांगितलं. मालिका, बर्फाचा किल्ला, चुलता, नवस. फक्त धाकटा उठल्याची थाप तेवढी ठेवून दिली. माझं सांगून झाल्यावर किसनरावांचा चेहरा निवळेल, असं मला वाटलं होतं. तो आणखी घट्ट झाला.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "टीव्हीतल्या मानसासाठी तुमी बोकड कापलं?"

"टीव्ही न्हाई, मोबाइल," मी म्हणालो. (का म्हणालो, देव जाणे.)

"आजारी पोरगं परवडलं आसतं," किसनराव उठता उठता म्हणाले. "दवाखाना तरी आस्तो. चला आक्का."

संपलं, मी मनात म्हणालो. सारिकाचं हसणं डोळ्यांपुढून गेलं. हातातलं मोसंबं कुठं ठेवावं तेही सुचेना.

पण आक्का उठल्या नाहीत. पोत्यावरूनच मायला म्हणाल्या, "कोन वो? त्यो बर्फाच्या किल्ल्यातला लहाना?"

मायनं चमकून पाहिलं. "व्हय. धाकटा."

"त्याच्या चुलत्यानंच मारला न्हवं? त्यो, एका डोळ्याचा?"

"त्योच मेला!"

सुभद्राआत्यांनी एकदा भावाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. एवढ्या माणसांत सांगावं की नाही, असं क्षणभर त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी सांगून टाकलं. "किसन, खाली बस. मला शुगर न्हाई. त्यो लहाना उठंस्तोवर म्या चहा सोडलाय."

किसनराव बसले. खरं तर पडले. "आक्का! तुला दर महिन्याला हिंगोलीला तपासायला नेऊन राहिलो मी!"

"तपासनीत काय निघत व्हतं?"

"काहीच न्हाई."

"मंग? म्या म्हनत व्हते न्हवं?" आत्या शांतपणे म्हणाल्या. "नातवाच्या मोबाइलवर बघते मी. शेवटचा भाग बघून आठ महिने झाले. सांगायची लाज वाटली. ह्या बाईनं निदान गाव तरी जेवू घातला. आपल्या घरात तर नुसता चहा वाचला. आता बोल, येडं खानदान कुनाचं?"

सोबतचे दोघं हसू दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. मग आत्या माझ्याकडं वळल्या. चेहरा एकदम लहान मुलीसारखा.

"पोरा, कंदुरी झाली म्हंजे... उठला का त्यो?"

मी घाम पुसला. नाही म्हणावं तर मायचा नवस खोट्यावर फेडलेला. हो म्हणावं तर ह्या बाईचं व्रत खोट्यावर मोडणार. समोर माय, समोर आत्या, आणि मधे माझं लग्न.

"उठला," मी म्हणालो. "पुण्याकडं आधी येतं ते."

"पेज प्याला," माय म्हणाली.

"आन गं बाई तो चहा!" आत्या म्हणाल्या. आठ महिन्यांनी त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि दुसरा कपही मागितला.

त्यानंतर तासभर ओट्यावर माझ्या सोयरिकीचं कुणी नावही काढलं नाही. समुद्रवाल्याची थोरली धाकट्याला द्यावी की नाही, यावर माय आणि आत्या भांडत होत्या. आत्यांचं म्हणणं, द्यावी, चुलता एकटा पडतो. मायचं म्हणणं, आधी घोडं परत आणा. बाबांनी मधेच घसा खाकरून विषय काढायचा प्रयत्न केला, तर किसनरावच म्हणाले, "थांबा, पाव्हणं. आधी त्यांचं जमू द्या, मग आपलं बघू."

त्यांचं जमलं, मग आमचंही जमलं. सुपारी फुटली, लग्न दिवाळीनंतर.

आता मी परत चहाच्या टाकीवर आहे आणि झोप उडालेली आहे. अन्वर म्हणतो, नवे भाग लवकरच येणार. धाकटा खरंच उठेल का, काही भरवसा नाही. म्हणून आत्यांनी मोडलेलं व्रत मी गुपचूप पुढं चालवायला घेतलं. धाकटा उठेपर्यंत मीच चहा सोडला! चहा करणाऱ्यानंच चहा सोडला, हे कँटीनात लपत नाही. कुणीतरी गावाकडं बोललं असावं. परवा किसनरावांचा फोन आला. आवाज काळजीचा.

"जावईबापू, चहा सोडला म्हनून ऐकलं. तब्येत बरी हाय न्हवं?"

मी दोन बटणं लावली आणि बरी आहे म्हणालो.

सुभद्राआत्या, तुमचं ऋण माझ्या ध्यानात आहे. एक दिवस सेनगावला येऊन माझ्या हातचा चहा तुम्हाला पाजीन आणि धाकट्याचं खरं काय झालं ते तुम्हाला सगळ्यात आधी सांगीन. फक्त ते लग्न लागल्यावर सांगीन, एवढं सांभाळून घ्या.