पडद्याबाहेरचा वैद्य

हुआई नदीकाठच्या त्या गावात पोराला खोकला झाला की लोक डोळे मिटून मिआओ पेइयुआनचं दुकान गाठत. जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध, सोमलता घातलेला त्याचा काढा गुणाचा होता, खोटं कशाला बोला. पण माणूस भारी घमेंडखोर. कुणी इस्पितळाचं नाव काढलं की म्हणायचा, "जा, घ्या सुया टोचून. परत माझ्याच दारात याल."

त्याला नातू झाला. बाळंतिणीच्या खोलीत सासऱ्याने पाऊल टाकायचं नाही आणि महिनाभर तिनेही बाहेरचा वारा घ्यायचा नाही, ही रीत. त्यामुळे दुकानामागच्या त्या खोलीतून बायको येऊन सांगेल, तेवढंच त्याला कळे.

"ओठांवर फेस येतोय हो. दूधही ओढत नाही," बायको म्हणाली.

"खोकला?"

"नाही."

"ताप?"

"अंग उलट गारच लागतंय."

"मग छातीचं काही नाही. खेकड्यासारखे बुडबुडे काढतोय लबाड."

तरी त्याने काढा दिला, तोही सुनेसाठी. तान्ह्याचं औषध आईने प्यायचं, म्हणजे ते दुधातून बाळाला पोचतं.

दुसऱ्या सकाळी दुकान भरलेलं असताना मागच्या खोलीच्या पडद्याआडून सुनेचा, रुइझेनचा आवाज आला. "बाबा, काढा मी पितेय. पण तो दूधच ओढत नाही. मग त्याला पोचणार कसा?"

पेइयुआनची कानशिलं तापली. आपलाच नातू इस्पितळात नेला तर लोक काय म्हणतील, हे त्याच्या मनात आधी आलं आणि बाळ नंतर आलं.

"आता सुनेकडून वैद्यकी शिकू का मी?" तो म्हणाला. गिऱ्हाइकं हसली.

पडदा सरला. डोक्याला फडकं बांधून, बाळाला दुलईत गुंडाळून रुइझेन सगळ्यांच्या देखत बाहेर आली. पेइयुआनने नातवाचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ओठ निळसर, नाकपुड्या फुलत होत्या, छाती नुसती धपापत होती. इतकं तान्हं पोर न्यूमोनियात खोकतंच असं नाही, हे तो इतरांना सांगत आला होता. तो तिच्यामागून इस्पितळाकडे धावला.

"बाळाला घरी कुणी काय औषध दिलं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाळाला कुणी काहीच दिलं नाही," रुइझेन म्हणाली.

ते अक्षरशः खरं होतं. पेइयुआन भिंतीला टेकून मेल्याहून मेल्यासारखा उभा राहिला.

पोरगा वाचला. महिना भरल्यावर जेवणावळ झाली, लाल रंगवलेली अंडी वाटली. परगावाहून आलेले पाहुणे पेले उंचावून म्हणाले, "घरातच वैद्य! आजोबांच्या काढ्यानेच तरलं पोर."

पेइयुआनने सुनेकडे पाहिलं. तिने खरं सांगून टाकावं, असं त्याला मनापासून वाटत होतं; स्वतः बोलायची छाती नव्हती.

"हो, बाबांमुळेच," रुइझेन म्हणाली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे अंडं ठेवलं.

त्याची मान काही वर होईना.

"खा ना, बाबा," ती हळूच म्हणाली. "लोक बघताहेत."