गंगीच्या शेणातले निळे धागे

परभणीहून निघताना मी बर्फाची पेटी, नमुन्यांच्या बाटल्या आणि रबरी बूट एवढेच सामान घेतले होते. बदलापूरच्या पुढे एका गावात एकाच गोठ्यातल्या तीन म्हशी आजारी पडल्या होत्या. जंगलातल्या रानडुकरांकडून साथ आली असावी, असा सगळ्यांचा संशय होता. माझे काम रोगाचे कारण शोधण्याचे, तेही बहुतेक वेळा जनावर मेल्यानंतर. त्यामुळे मी पिशवी भरायला घेतली की आई विचारते, "आता कोण गेलं?" या वेळी अजून कोणी गेले नव्हते, म्हणून मी खुशीत होते.

कल्याणला तिथले पशुवैद्य डॉ. भालेराव जीप घेऊन आले होते. उंचेपुरे, बोलघेवडे. "आधी खाऊन घेऊ, मॅडम. तिकडे एकदा बूट चढवले की संपलं," असे म्हणत त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये गाडी थांबवली. दाल-पकवान (कुरकुरीत जाड पुरी, वर चण्याची डाळ, चिंच आणि कांदा) समोर आले. मी चमच्याने पुरी मोडायला गेले आणि निम्मी डाळ माझ्या ओढणीवर आली.

"अरे मॅडम, चमचा सोडा! हातानं तोडा, आराम से," सिंधी हातगाडीवाला हसत म्हणाला आणि न मागता डाळ पुन्हा वाढली. समोरच्या गल्लीत जीन्स शिवणारे कारखाने ओळीने धडधडत होते. दारांत निळ्या कातरणीच्या (कापड बेतल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या) गोण्या रचलेल्या होत्या.

पुढे अंबरनाथला, बुवापाड्यात, डॉक्टरांच्या घरी शस्त्रक्रियेची हत्यारे घ्यायला थांबलो. त्यांच्या आईंनी चहा दिला आणि माझ्याकडे तक्रार केली, "आज वरण नाही हं. कुकरात यानं चिमटे लावलेत." दवाखान्यातले हत्यारे निर्जंतुक करायचे यंत्र बिघडल्यापासून म्हणे हेच चालू होते. शिट्ट्या मात्र त्या बिनचूक मोजत होत्या.

बदलापूर मागे पडले, इमारती संपल्या आणि भात कापलेली शेते लागली. हिवाळ्यातली कोवळी उन्हे होती. गावात शिरताच पाणवठ्याची वाट दिसली. तिच्यावर बाभळीच्या फांद्या टाकून ती बंद केली होती. त्या तीन आजारी म्हशी हिराकाकींच्या. त्यांनी तिकडे फिरकू नये म्हणून शेजाऱ्यांनी केलेला हा बंदोबस्त. त्यांचे दूधही कोणी घेत नव्हते.

हिराकाकी आगरी, ठसठशीत नथ घातलेल्या. माझी पेटी पाहून त्यांचा चेहरा पडला. "बाय, तुमी मेल्यावर चिरता ना? मंग आत्ताच कशाला आल्या?"

त्यांची गंगी गाभण होती आणि तिघींत तीच सर्वांत आजारी. साथ ठरली असती तर सगळी जनावरे गावाबाहेर न्यावी लागली असती आणि काकींचा गोठा कायमचा उठला असता. "ही गेली तं मी पन तिच्यापाठी जाईन," त्या म्हणाल्या. गंमत नव्हती ती.

मी गंगीकडे नुसती बघत बसले. पाठ वाकवलेली, पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढलेली. बसायचे मनात येई, पण ती बसत नव्हती. आम्ही दोघांनी तिच्या छातीखाली बांबू धरून हळूच उचलला, तशी ती कण्हली. साथीच्या तापात असे होत नाही, पोटात काही रुतले असेल तरच होते. मग मी शेणात हात घातला. शेणातून निळे धागे निघाले.

मी पायाखाली पाहिले. सगळ्या गोठ्यात पेंढ्याऐवजी जीन्सची जाड, मऊ कातरण पसरलेली.

"गादी केलीय तिला," काकी कौतुकाने म्हणाल्या. "पोटुशी हाय, दगरावर बसल का? सून क्याम्प पाचला धागे कापाया जाते, ती आनते गोनी भरून. पेंढ्यापरीस गरम!"

शेजारी हळदीला गाणी वाजवणाऱ्याचा फुटका भोंगा पडला होता. डॉक्टरांनी त्यातला लोहचुंबक काढून आणला आणि मी तो कातरणीवरून फिरवला. शिलाई मशीनच्या मोडक्या सुया टकाटक उडून त्याला चिकटल्या. कारखान्याची जमीन झाडताना त्या गोणीत गेल्या होत्या, आणि म्हशी खाली सांडलेल्या वैरणीबरोबर त्या गिळत होत्या. "साथ नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की दावणीची वासरे बिथरली.

पण काकींनी चुंबक माझ्या हातातून घेतला. "म्हंजे मीच घातली सुई तिच्या पोटान?"

"तुम्ही माया घातलीत, काकी. सुई आम्ही काढतो."

डॉक्टरांनी डावी कूस बधिर करून पोट उघडले. त्यांचा दंड जाड, जखम वाढवावी लागली असती, म्हणून हात मी घातला. खांद्यापर्यंत आत गेले. पोटाचा पुढचा कप्पा मला तोंडपाठ आहे. आजवर शेकडो जनावरांत तो चाचपला असेल, नेहमी गार. आज तो गरम होता, आकसत होता, आणि भिंतीपलीकडून हृदयाचे ठोके माझ्या बोटांवर आदळत होते. सुई नेमकी त्याच दिशेला रुतलेली. मी ती चिमटीत धरली आणि सरळ मागे ओढली.

तळहातावरची सुई पाहून डॉक्टरांनी शिट्टी मारली. काकींनी माझ्या शेणाने माखलेल्या हाताचा मुका घेतला. मी रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

बाकी दोघी एवढ्या आजारी नव्हत्या. त्यांना गुळगुळीत लोहचुंबक गिळायला दिले, म्हणजे सुया पोटातच त्याला चिकटून राहतात, टोचत नाहीत. टाके निघेपर्यंत मी तिथेच राहिले, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन गुटगुटीत झाले. पहिल्याच दिवशी पाठवलेल्या रक्ताचे प्रयोगशाळेतून निकाल आले: कुठलाही संसर्ग नाही. डॉक्टरांनी ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवले.

त्या दुपारी काकींनी ठणकावले, "माजी गंगी पानवठ्याव चोरासारखी जानार नाय!" मग हळदीत वाजणारे बेंजोचे पथक वाजू लागले. कपाळाला हळद लावून गंगी साऱ्या गावातून निघाली, आणि दारादारांतून लोक नाचत मागे आले. ज्यांनी पाणवठ्यावर फांद्या टाकल्या होत्या, त्यांनीच त्या ओढून काढल्या, आणि काट्यांनी त्यांचे हात ओरबाडल्यावर काकी खदखदून हसल्या. टाक्यांची जागा चांगली भरली होती, म्हणून डॉक्टरांनी मान हलवली आणि काकींनी दावे सोडले. गंगी थेट पाण्यात घुसली आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून डोळे मिटून बसली.

परतीच्या गाडीत बर्फाची पेटी रिकामीच होती. इतकी वर्षे मी रोग ओळखत आले, आणि दर वेळी उत्तर सापडेपर्यंत जनावर गेलेले असे. घरी पोचले तर आईने दारातच विचारले, "कोण गेलं होतं गं?"

"म्हैस," मी म्हटले. "डुंबायला."