मामा म्हणू की वाघ म्हणू?

बायांनो, मी सांगून राह्यली आन् माही सून मोबाइलवर लिहून राह्यली. चूक दिसली तं तिची समजा.

काल टीव्हीवर उडणाऱ्या माणसाचा सिनेमा पाह्यला. चड्डी पँटीच्या वरून घालते आन् अर्धं शहर पडल्यावर धावून येते. तरी मले तो चालते. त्याले पाहून माही सहा वर्षांची नात चिमी फक्त पाठीले टावेल बांधते.

भेव वाटते ते तिच्या कार्टूनचं. त्यात एक ढेरपोट्या वाघ हाय, लेकरायले लाडू वाटते. सारे त्याले वाघमामा म्हणते.

आज सकाळी मोहफुलं वेचाले चिमीले संग नेलं. नाल्याजवळ ओल्या मातीत ताजा पंजा उमटलेला दिसला. जंगलात आम्ही वाघाचं नाव घेत नाई, घेतलं तं तो येते म्हणते, म्हणून मामाच म्हणतो. मी हळूच म्हटलं, "चूप राह्य, मामा इथीच हाय."

पोरगी टाळ्या वाजवत झुडपाकडे धावली. "मामा, लाडू दे!"

मी मागून तिचा फराक धरला. हिसक्यात शिवण उसवली, पण पोरगी हातात राह्यली. टोपली तिथीच टाकून घरी आलो.

"आजी, मामा चांगला असते ना?"

"टीव्हीतला असन. इथला लाडू देत नाई, माणूस खाते."

"मंग तू त्याले मामा काऊन म्हणते?"

जलमभर म्हणत आली मी! सुई-दोरा घेऊन तिचा फराक शिवाले बसली. चिमी उद्याही येतो म्हणते. कार्टून तं मी बंद करीन, पण जंगलात तिच्यासमोर त्याले काय म्हणू? तुम्ही आपल्या लेकरायसमोर काय म्हणता?