चिमण्यांची चिठ्ठी आणि माळढोक

वैशाखात माझं लग्न होतं आणि सासर रत्नागिरीचं. तिथे समुद्र होता, आंबे होते, माणसंही चांगली होती. माळढोक मात्र नव्हता. भिंगारच्या आमच्या मंडळाच्या पक्षीमोजणीला मी दर हिवाळ्यात जायचे आणि दर वेळी तो उंच मानेचा, माळावरचा भला मोठा पक्षी मला हुलकावणी द्यायचा. त्यामुळे बहात्तरच्या दुष्काळातल्या त्या हिवाळ्यात आई नको नको म्हणत असताना मी पिशवी भरली. आता नाही दिसला तर कधीच नाही, हे मला पक्कं कळत होतं.

मोजणीचे म्होरके सुभेदारकाका. फौजेतून निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत राहायचे. मंडळात दुर्बीण एकच, तीही त्यांची. आदल्या वर्षी ते तापाने पडले म्हणून आम्ही पोरंपोरी त्यांच्याशिवाय गेलो, आणि जो तो माळढोकासाठी माळ तुडवत राहिला. परत येऊन आकडे जुळवले तर गावात एक चिमणी नाही की कावळा नाही. कुणी मोजलेच नव्हते. काका अंथरुणातून म्हणाले, "शाब्बास. नगर जिल्ह्यातल्या चिमण्या तुम्ही एका दिवसात संपवल्या."

म्हणून या वर्षी कुणी कुठे मोजायचं याच्या चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या.

नगरहून मिरजगावकडे जाणारी एसटी धरली. आज हा रस्ता झकास आहे, तेव्हा खड्डे चुकवण्यातच निम्मा वेळ जायचा. रुईछत्तिशी मागे पडली की दोन्ही बाजूंना नुसता माळ. दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडताना दिसत होती, उभी पिकं जवळजवळ नव्हतीच. फाट्यावर उतरून मोजणीच्या गावापर्यंत पायपीट केली. मुक्काम शाळेच्या खोलीत. जेवायला मिलोची, म्हणजे रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या लाल ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं पातळ माडगं. चव विचारू नका, पण गरम होतं आणि वाढणारे हात मोकळे होते.

जेवणं झाल्यावर काकांनी चिठ्ठ्यांची टोपी पुढे केली. माझ्या चिठ्ठीवर निघालं, ‘आड. चिमण्या, साळुंक्या, कावळे.’ माझी मैत्रीण मालती हिला माळ मिळाला. तिने आपली चिठ्ठी माझ्याकडे सरकवली, तशी काका म्हणाले, "चिठ्ठी बदलायची नाही." मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सकाळी तोंड पाडूनच आडावर जाऊन बसले. आडाचं पाणी तळाला गेलेलं, बायका रांगेने पोहरा सोडत होत्या. शेजारी जनावरांना पाजायची दगडी डोण. प्रत्येक बाई निघताना आपल्या भरलेल्या कळशीतलं ओंजळभर पाणी तिच्यात टाकायची आणि चिमण्यांचा थवा खाली यायचा. चिमण्या मोजणं म्हणजे उकळत्या भातातली शितं मोजणं. मी पुन्हा पुन्हा चुकत होते.

रांगेतल्या सरूबाई माझ्याकडे बघत होत्या. "चिमन्या मोजायला नगरास्नं आलीस व्हय? तुज्या घरात न्हाईत?"

"आहेत. पण दुष्काळात टिकल्या का ते बघायचंय." मी विचारलं, "मावशी, पाणी इतकं कमी, तरी डोणीत टाकता?"

"आमच्यात भांडनं झाली त्यावरनं. मंग ठरलं, वंजळभर टाकायचं. त्येवढ्यानं आमची तहान भागनार न्हाई, त्यांची भागती."

रुसवा कधी विरला कळलं नाही. मी नीट मोजायला लागले.

तेवढ्यात मालती धापा टाकत आली. माळढोक देवळामागच्या माळावर, अगदी जवळ चरत होता. मी उठले आणि परत बसले. माझी वेळ संपली नव्हती. उठले असते तर मोजणी पुन्हा अर्धवट राहिली असती. मनाची फार ओढाताण झाली.

गावातले पक्षी मोजत आडापाशी पोचलेल्या काकांनी गळ्यातली दुर्बीण माझ्या हातात दिली आणि मी बसले होते त्या दगडावर बसकण मारली. "चिठ्ठी बदलत नाही. पहारा बदलता येतो. पळ."

मी पळाले. वाळल्या गवतात तो सावकाश चालत होता, मान ताठ, घरचं कार्य असलेल्या यजमानासारखा. मग थोडं धावून त्याने ते जड अंग उचललं आणि संथ पंख मारत गेला. मी चक्क रडले.

परत आले तर एकच चिमणी दोनदा मोजली की नाही यावरून काका आणि सरूबाईंची जुंपलेली.

परतीच्या एसटीत मी काकांना विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा माळढोक कधी पाहिलात?"

"अजून नाही पाहिला," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सकाळी कुणाला तरी गावात थांबावं लागतं."

इतक्या वर्षांत गावातल्या चिमण्या कोण मोजतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले. अंगणात चिमण्या होत्या, त्या मी मोजायला लागले, आजही मोजते. तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर माळढोकाची फार आशा धरू नका, पण सकाळी गावात जरा थांबा.

पुढच्या हिवाळ्यात मालतीचं पत्र आलं. त्या वर्षी टोपी फिरण्याआधीच सगळ्यांनी आड मागून घेतला, त्यामुळे माळावर जायला काकांशिवाय कुणी उरलंच नाही. दुपारी ते टोपी हातात घेऊन परतले. गळ्यातली दुर्बीण काढून ठेवली. मग म्हणाले, "दिसला."

आणि लगेच विचारलं, "चिमण्या किती भरल्या?"